इंजिन उतरवणारे हात आणि कॉम्प्युटरचे कुलूप

करी रोड, लालबाग, परळ हा गिरण्यांचा पट्टा होता तेव्हा फिटर, टर्नर, वेल्डर हे शब्द इथल्या पोरांच्या कानांवर लहानपणापासून पडत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. तरी पान्यावर रोजी कमावणारा माणूस या भागातून गेलेला नाही. आपल्यातले कित्येक उस्ताद आजही ट्रकच्या इंजिनावर घर चालवतात. त्यांना सध्या एकच वाक्य ऐकवले जाते : नव्या गाडीला हात लावू नका, ते कंपनीचे काम आहे. एक-दोन गाड्यांचा मालक हे ऐकून घाबरतो आणि बँकेचा हप्ता डोक्यावर असताना गाडी वर्कशॉपच्या रांगेत उभी करतो.

हे वाक्य अर्धेच खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, पण इंजिनाचे लोखंड तेच राहिले. केबिन झुकवणे, गिअरबॉक्स सोडवणे, रेडिएटर काढणे, फाउंडेशनचे बोल्ट खोलून इंजिन चेन पुलीवर घेणे, हे आजही जाणत्या हातांचेच काम आहे. माप आणि टॉर्क सांभाळला तर लायनर, पिस्टन, बेअरिंग आणि हेडचे कामही बाहेर होऊ शकते.

बदलले आहे ते इंजिनाभोवतीचे सामान. पूर्वी कोणता सिलिंडर मार खातो हे पाहायला उस्ताद चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचा नट सैल करत. कॉमन रेल इंजिनात ही सवय जिवावर बेतेल. ट्रकच्या टायरमध्ये सुमारे ८ बार दाब असतो. या पाइपात १,६०० बार आणि त्याहूनही जास्त असू शकतो. ते डिझेल कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा माणसाला मलमपट्टी करून न थांबता ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावे.

दुसरे, बहुतेक नव्या इंजेक्टरवर कोड असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. इग्निशन बंद केल्यावर युरियाची लाइन रिकामी होऊ द्यावी, मगच बॅटरी काढावी. चॅसीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि ईसीयूचे प्लग काढावेत. खोललेल्या डिझेल पाइपांची तोंडे लगेच बंद करावीत. धुळीचा एक कण महागडा इंजेक्टर खातो. वायरिंग सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावेत. वॉरंटीतली गाडी खोलू नये, आणि दुसरे इंजिन बसवले तर आरसी बुकातल्या नंबराचे काम आरटीओत आधी उरकावे.

म्हणजे खरे कुलूप लोखंडाला नाही, माहितीला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजला मिळू दिली जात नव्हती. प्रकरण मोटारींचे होते आणि कंपन्या पुढे अपिलात गेल्या. पण मुद्दा ट्रकलाही तितकाच लागू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कारागिरांच्या संघटनांनी कायद्याची मागणी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. एका गॅरेजला चांगला स्कॅनर परवडत नसेल तर चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा आणि वापराचा हिशेब वहीत ठेवावा. करी रोडच्या गल्लीत इंजिन उतरवायला जागा नाही; त्या कामासाठी शहराबाहेर सामायिक शेड भाड्याने घ्यावी. हाताखालच्या पोराला नुसते पाने उचलायला न लावता आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करू द्यावा. जे काम येत नाही ते घेऊ नये, आणि घेतलेल्या कामाचे बिल लेखी द्यावे.

उस्तादाचा कान आजही इंजिनाचा आवाज ओळखतो. त्याच्या शागिर्दाला स्क्रीनवरचा कोडही वाचता आला, तर हे दुकान पुढच्या पिढीतही चालेल.