केडगावची प्रार्थना, चिंचवडचा रोष आणि अमेरिकेचा प्रश्न

१/ चिंचवडचा चापेकर चौक रोज हजारो कामगार ओलांडतात. १८९७ चा प्लेग आणि रँडचा वध यांची आठवण तेथील शिल्पांनी जागी ठेवली आहे. मात्र त्याच वर्षी, त्याच प्लेगव्यवस्थेविरुद्ध पुण्यातील एका ख्रिस्ती स्त्रीनेही जाहीर तक्रार केली होती, हे फारसे सांगितले जात नाही. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. धर्म आणि राजकारण यांच्या नात्यावरून अमेरिकेत आज जो वाद चालू आहे, तो समजून घेण्यासाठी रमाबाईंचे चरित्र विलक्षण उपयोगी पडते. हा थ्रेड त्याविषयी.

२/ प्रथम पार्श्वभूमी. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर रँडच्या हाती प्लेगनिवारणाचा कारभार आला. गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघर, माजघर, बायकांचा वावर, कशाचाही मुलाहिजा राहिला नाही. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चिंचवडच्या कीर्तनकार घराण्यातील दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांचे हे कृत्य. पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघेही बंधू फासावर गेले. त्यांच्या रोषामागे देशाभिमान होता, तसाच धर्माभिमानही होता.

३/ गोळ्या झाडल्या जाण्यापूर्वी काही आठवडे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहिले होते. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणारी वागणूक हा त्याचा विषय होता आणि त्यामागे त्यांच्याच आश्रमातील मुलीचा अनुभव होता. सरकारने ही तक्रार मान्य केली नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, वृत्तपत्र ख्रिस्ती होते आणि तक्रार करणारीही ख्रिस्ती होती. स्वधर्मीयांच्या सत्तेला पाठीशी घालणे सोपे होते, सोयीचेही होते. रमाबाईंनी ते केले नाही.

४/ हे धैर्य एकाएकी आलेले नव्हते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई डोंगरे यांनी दुष्काळात आईवडील गमावले. संस्कृतच्या व्यासंगावर १८७८ मध्ये कोलकात्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या. वैधव्यानंतर १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात खळबळ उडाली.

५/ पण दीक्षा घेतली म्हणून त्यांनी चर्चपुढे मान तुकवली नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्या शंका विचारीत राहिल्या. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुषांना शिकवू नये, अशी बिशपांची इच्छा होती. ती त्यांना रुचली नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे खांद्यावर घेण्यास त्या तयार नव्हत्या. ख्रिस्तावर श्रद्धा आणि चर्चच्या अधिकाराशी वाद, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकाच वेळी नांदत होत्या.

६/ १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि सुमारे पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्या अनुभवावरचा त्यांचा मराठी ग्रंथ 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाविना चालणारे राज्य आणि फ्रान्सेस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालील स्त्रियांची दारूबंदी चळवळ यांचे त्यांना मोठे कौतुक वाटले. तरीही कृष्णवर्णीयांशी होणारा भेदभाव आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटला नाही. ज्या देशातून त्यांच्या कार्याला पैसा मिळत होता, त्याचे दोष त्यांनी छापून सांगितले.

७/ अमेरिकेची रचना येथे लक्षात घ्यावी लागते. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय पातळीवर राजधर्म स्थापन करण्यास मनाई केली. पुढे हळूहळू धर्म राज्याच्या तिजोरीवर नव्हे, तर लोकांच्या स्वेच्छेवर उभा राहिला. त्यामुळे तो दुबळा झाला नाही. उलट तेथील सार्वजनिक जीवनात तो सर्वत्र दिसू लागला. अर्थात, गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक दोघेही बायबलचाच आधार घेत होते. ग्रंथ एकच होता. प्रश्न तो कोणाच्या बाजूने वाचला जातो, हा होता.

८/ रमाबाईंची बाजूही निर्दोष मानू नये. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यात आलेले 'शारदा सदन' धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन होते. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परकीय राज्यात, परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत होणारे धर्मांतर हे केवळ खाजगी श्रद्धेचे प्रकरण राहत नाही. टीकाकारांची ही शंका अनाठायी नव्हती.

९/ त्यानंतर दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो विधवा, परित्यक्ता आणि अनाथ मुली तेथे विणकाम, शेती आणि छपाई शिकल्या. जून १९०५ मध्ये याच मुलींमध्ये एक धार्मिक उद्रेक झाला. रडणे, पापांची कबुली आणि तासन्‌तास प्रार्थना असे त्याचे स्वरूप होते. त्याला 'मुक्तीचे पुनरुज्जीवन' म्हणतात. त्या अनुभवाच्या केंद्रस्थानी कोणी बिशप किंवा अधिकारी नव्हता. समाजाने टाकून दिलेल्या मुली होत्या.

१०/ केडगावची ही वार्ता दूरवर पोहोचली. तेथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतील एका मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ पासून तेथे उभ्या राहिलेल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने प्रेरणा दिली. एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर असेच पुनरुज्जीवन सुरू झाले. त्याचे नेते विल्यम सीमोर हे पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांचे पुत्र. तेथे गोरे आणि काळे शेजारी शेजारी गुडघे टेकत. पुढे मात्र ही चळवळ संघटित होत गेली, तशी वर्णभेदाच्या रेषेवर दुभंगली.

११/ विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतील धर्म पुन्हा राज्याच्या जवळ सरकू लागला. शीतयुद्धाच्या काळात, १९५४ मध्ये, राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचे नाव आले. १९५६ मध्ये देवावरील विश्वासाचे वचन राष्ट्रीय बोधवाक्य ठरले. जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने १९६५ मध्ये नागरी हक्कांच्या मोर्च्यांत उतरणाऱ्या पाद्र्यांवर टीका केली होती. उपदेशकाचे काम राजकारण नव्हे, असे तेव्हा त्यांचे म्हणणे होते. १९७९ मध्ये त्यांनीच 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभी केली. अलीकडच्या अध्यक्षीय निवडणुकांत दहापैकी सुमारे आठ गोरे इव्हँजेलिकल मतदार डोनाल्ड ट्रम्प यांच्या पाठीशी उभे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये श्रद्धाविषयक कार्यालयही स्थापन झाले.

१२/ मग धर्माने राजकारणापासून दूरच राहावे काय? इतिहास असे सांगत नाही. गुलामगिरीविरोधी चळवळ चर्चच्या बाकांवरून उठली. मार्टिन ल्यूथर किंग हे धर्मोपदेशकच होते. रमाबाईंचे प्लेगविषयीचे पत्र हेही राजकारणच होते. फरक दिशेचा आहे. दुर्बलांच्या वतीने सत्तेला जाब विचारणारी श्रद्धा वेगळी आणि सत्तेकडून स्वतःसाठी मानाचे पान मागणारी श्रद्धा वेगळी. पहिलीला किंमत मोजावी लागते, दुसरीला मोबदला मिळतो. मोबदला घेतल्यावर जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही.

१३/ फेब्रुवारी २०२३ मध्ये केंटकीतील अॅस्बरी विद्यापीठात नित्याची प्रार्थनासभा संपली, तरी काही विद्यार्थी उठलेच नाहीत. ती प्रार्थना दोन आठवड्यांहून अधिक काळ चालली आणि देशभरातून माणसे लोटली. ते खरे पुनरुज्जीवन होते की क्षणिक भावावेग, हे काळच ठरवील. मात्र केडगावप्रमाणेच तेथेही आरंभ राजधानीत झाला नाही. श्रद्धेला नवी पालवी फुटते ती बहुधा अशाच आडबाजूच्या ठिकाणी.

१४/ आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत देशभरातून माणसे येतात. येताना आपापले देव, सण आणि प्रार्थना घेऊन येतात. देऊळ, मशीद, विहार, चर्च, गुरुद्वारा सारे एकाच पट्ट्यात उभे आहेत. निवडणुकीच्या हंगामात या प्रत्येकाच्या दारी कोणी ना कोणी हात जोडून उभा राहतो. अमेरिकेचा प्रश्न म्हणूनच परका नाही.

१५/ चापेकर चौकातील शिल्पांपुढे मान लववताना त्याच वर्षीचे ते पत्रही आठवावे. दोहोंचे मार्ग वेगळे होते, धर्म वेगळे होते आणि परस्परांविषयी आदर वाटण्याचा संभवही कमीच होता. दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तात सुधारकांविषयीचा राग स्पष्ट दिसतो. परंतु परधर्मीय सत्तेविरुद्ध उठताना स्वधर्माचे बळ मिळते, स्वधर्मीय सत्तेविरुद्ध उठताना ते बळही साथ सोडते. रमाबाई त्या दुसऱ्या वाटेने गेल्या. अमेरिकेतील असो वा महाराष्ट्रातील, कोणत्याही धर्माची कसोटी तेथेच लागते: आपल्याच माणसांच्या हाती सत्ता असताना तो कोणाच्या बाजूने बोलतो?