शांघायचा धक्का आणि मुंबईची अफू

ह्वांगपू नदीच्या कांठचें शांघाय पाहून परतलेले आमचे व्यापारी बंधु पूर्व तीरावरील मनोऱ्यांचेंच वर्णन करितात. त्यांतील एक तर ६३२ मीटर उंच! आम्हांस पश्चिम तीरावरची जुन्या पेढ्यांची दगडी रांग अधिक बोलकी वाटते. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें इंग्रजांनीं हें बंदर बळानें उघडविलें, व पुढें तेथें जी माळव्याची अफू उतरे ती मुंबईहून जाई. इंग्रजांचा दोष उघड आहे. पण आमच्या शेटसावकारांनींही त्या व्यापारांत हात धुऊन घेतले, तें आपण कां लपवावें? त्या रांगेंतील १९२९ चें ससून हाउस ज्या घराण्याचें, त्याची मूळ पेढी मुंबईचीच. पुण्याचें ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीनें उभें राहिलें ते डेव्हिड ससून याच घराण्याचे मूळ पुरुष, आणि त्यांच्या संपत्तींत अफूचा वांटा लहान नव्हता.