ग्रुपवर आधार मागवण्याआधी



गेल्या जूनमध्ये ऑनलाइन माहिती भरायची घाई होती. मी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "मुलांचं आधार आणि बँक पासबुक, दोन्हींचे फोटो टाका." तासाभरात फोटोंची रांग लागली. रात्री एका आईचा फोन आला, "बाई, हे ग्रुपमधले सगळे बघणार का?" खरं उत्तर 'हो' होतं, आणि ते द्यायची लाज वाटली.

आमच्या नारपोलीत बरेच पालक यंत्रमागावर, नाहीतर गोदामात कामाला. काम सुटलं की खोली बदलते, नंबर बदलतो. जुना नंबर ग्रुपमध्ये तसाच राहतो. तो आता कुणाच्या हातात आहे, कोण सांगणार? शिष्यवृत्तीच्या नावाने फोन करणाऱ्या ठगाला मुलाचं नाव, इयत्ता, खातं सगळं आयतं मिळतं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नको, हेही आलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी तो पालकांची संमती मागतो. मुलांबाबतची जबाबदारी मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. (सरकारी यंत्रणांना त्यात मोठी सूट आहे, ती मला पटत नाही. असो.)

त्यातली एक तरतूद मला फार आवडली. संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. माझ्या वर्गात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू बोलणारी घरं आहेत. चारही भाषा त्या यादीत आहेत. आणि आपण काय करतो? 'अपार' आयडीचं संमतीपत्र दप्तरात घालून सांगतो, "उद्या सही करून आणा." सही येते, कारण बाईंनी सांगितलंय. कागदावर ती संमती. खरं म्हणजे तो आपल्यावरचा विश्वास. नाही म्हणता येतं, हे आपण कधी सांगतो?

त्या रात्री मी ग्रुपवरचे फोटो काढून टाकले. पण इतरांच्या मोबाइलमध्ये आधीच उतरलेले कसे काढणार?

आता कागद वर्गातच बघते, काम झालं की परत देते. झेरॉक्स लागलीच तर तिच्यावर कारण आणि तारीख पालकांकडूनच लिहून घेते. वेळ जातो, मान्य. पालकहो, "कशासाठी हवंय?" असं बिनधास्त विचारा. बाईंना राग आला, तर परत विचारा.