सहलीचे तिकीट कोणाकडे असावे?

शाळेच्या सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात मिळते. त्यामुळे लातूर-नांदेडची मुलेही खोपोलीजवळच्या इमॅजिकासारखी उद्याने पाहू शकतात. अशा सहलीत सगळी तिकिटे गुरुजींच्या पिशवीत असतात. मुलांकडे दिली तर हरवतील, अशी भीती! मला हे पटत नाही.

एकदा मीच तिकिटांचा गठ्ठा घेऊन पुढच्या मुलांबरोबर एका उद्यानात शिरलो. एक मुलगी मागे राहिली. तिकीट नाही, म्हणून ती अर्धा तास फाटकाबाहेर उभी होती. ही मुलगी औशाजवळच्या खेड्यातून रोज लातूरला येई. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. तो ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून कंपासपेटीत जपून ठेवी. वर्षभर पास सांभाळणाऱ्या मुलीच्या हाती एका दिवसाचे तिकीट का देऊ नये?

एखादे तिकीट हरवेलही. पण गुरुजींची पिशवी हरवली, तर सारा वर्गच बाहेर राहील! तिकिटामागे नाव लिहून ज्याचे त्याला द्यावे. गुरुजींनी फक्त यादी ठेवावी.

मी धावत परत आलो, तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "सर, मी माझा पास दाखवला. तो इथे चालत नाही म्हणे."