येलदरीचं पाणी, भोयांचं नशीब
अमेरिकेत बास माशाच्या गळस्पर्धांमध्ये केव्हिन व्हॅनडॅमने २००१, २००५, २०१० आणि २०११ अशी चार वेळा बासमास्टर क्लासिक जिंकली. तिथे मासा वजन करून जिवंत परत पाण्यात सोडतात, आणि हरलेल्याला पुढची स्पर्धा असते. आपल्या जिंतूर तालुक्यात, पूर्णेवरच्या येलदरी जलाशयात जाळं टाकणाऱ्या भोई बांधवांचे चढउतार मात्र पावसाच्या हाती. रोहू, कटला, मृगळ हे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी देणारे मासे. साचलेल्या पाण्यात त्यांच्या पैदाशीचा भरवसा नाही. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, विकत आणून सोडावी लागते, आणि किलोभराचा मासा व्हायला वर्षभर तरी जातं. तेवढ्यात पावसाने ओढ दिली की सगळंच गेलं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, मराठवाड्यातली धरणं तळाला गेली, तेव्हा पिकांच्या नुकसानीची निदान चर्चा तरी झाली. ज्याचं जाळं रिकामं राहिलं, त्याचा पंचनामा कोण करणार? पिकाला विमा आहे, तसं संरक्षण बोटुकलीलाही हवं, आणि दुष्काळी वर्षाच्या जलाशयाच्या ठेक्याचा बोजा मच्छीमार संस्थांच्या डोक्यावर अजिबात राहू नये.