दारातला अंमलदार

खुनाचा कॉल आला की घटनास्थळी सगळ्यांत आधी पोचतो तो बीट मार्शल किंवा 112 च्या गाडीवरचा हवालदार. खेड्यात बहुधा पोलीस पाटील. तपासी अधिकारी, ठसेतज्ज्ञ, श्वान पथक, फॉरेन्सिक व्हॅन हे सगळे मागाहून. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करायचे आहेत, त्याचे चित्रीकरणही व्हायचे आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. त्यामुळे सध्या व्हॅन किती, तज्ज्ञ किती, याचीच चर्चा. व्हॅन येईपर्यंत दारात उभ्या असलेल्या माणसाबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

जखमीत धुगधुगी असेल तर आधी त्याचा जीव, यात वाद नाही. त्याला उचलले कोणी, तो कसा पडला होता आणि उचलताना काय सरकले, एवढे टिपून ठेवले की झाले.

खरी कसोटी घरातल्या मृत्यूत लागते. शेजारीपाजारी हातावर हात ठेवून बसत नाहीत. कोणी तोंडात पाणी घालते, कोणी पंखा लावते, कोणी पलंगावरची चादर ओढून मृताच्या अंगावर टाकते. पोरांच्या नजरेला पडू नये म्हणून उंबऱ्याजवळचे रक्त कोणीतरी पुसून घेते. हे सारे मायेपोटी. पण त्या चादरीवर घरातल्यांचे केस आणि धागे असतात. ते मृताच्या कपड्यांवर जातात आणि कपड्यांवरचे काही चादरीला लागते. म्हणून अंमलदाराने चादर पाहताच ओढून काढू नये. कोणी, कुठून आणि केव्हा टाकली ते लिहून घ्यावे. चादर आता मुद्देमालच आहे. पुसलेले फडके मोरीतल्या बादलीत असते, ते पाणी कोणाला ओतू देऊ नये. पंखा चालू होता की बंद, तो कोणी लावला, हेही लिहावे, कारण मृत्यूची वेळ ठरवताना खोलीतल्या हवेचा विचार होतो. गळफास उतरवावाच लागला तर गाठ सोडू नये. दोर गाठीपासून लांब कापावा आणि कापलेल्या टोकांना खूण करावी.

नोएडातले 2008 चे दुहेरी हत्याकांड या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. 16 मे रोजी सकाळी मुलीचा मृतदेह सापडला आणि थोड्याच वेळात फ्लॅट माणसांनी भरून गेला. संशय बेपत्ता घरगड्यावर गेला. गच्चीच्या दाराला कुलूप होते, त्या दारावर रक्ताचे डागही होते, तरी कुलूप त्या दिवशी तुटले नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा त्याच घरगड्याचा मृतदेह गच्चीवर मिळाला. 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींची निर्दोष सुटका केली. त्या सकाळी एक माणूस जिन्यात आणि एक फ्लॅटच्या दारात उभा राहिला असता, तर निदान गर्दी तरी बाहेर राहिली असती.

आता अवघड जागेचे दुखणे. शेजारी, पत्रकार, नगरसेवक यांना हवालदार अडवू शकतो; साहेबांना अडवत नाही. गाजलेल्या गुन्ह्यात उपविभागीय अधिकाऱ्यांपासून वरपर्यंत ‘व्हिजिट’ होते, सोबत रायटर, ऑपरेटर, चालक. सगळे एकदा आत डोकावतात, एखादा ओट्याला हात टेकतो. पुढे ठसेतज्ज्ञ बोटांचे ठसे उचलतो, त्यांतले निम्मे खात्याचेच निघायचे! उलटतपासणीत वकील विचारतो, ‘तुम्ही पोचल्यानंतर आत कोण कोण गेले?’ साक्षीदार म्हणतो, ‘आठवत नाही.’ संशयाचा फायदा द्यायला न्यायालयाला मग वेगळे कारण लागत नाही.

यावर आमच्या मते उपाय साधा आहे. फीत लावा, नसेल तर सुतळी बांधा किंवा गाडी आडवी लावा. आत जायला भिंतीकडेची एकच वाट ठरवा. दारात वही ठेवा: नाव, हुद्दा, कशासाठी, आत गेल्याची व बाहेर आल्याची वेळ. वहीत असलेल्या प्रत्येकाने वगळणीसाठी बोटांचे आणि बुटांचे ठसे द्यायचे, तारे खांद्यावर कितीही असोत. मात्र हे सांगायचे बळ शिपायाच्या अंगी आपोआप येणार नाही. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांनी तसा लेखी आदेश काढावा आणि पुढच्या घटनास्थळी स्वतः उंबऱ्याबाहेर थांबून पहिली सही करावी. अडवल्याबद्दल कोणा अंमलदाराची बदली झाली, तर तो आदेश कपाटातच राहील.

महिन्याच्या क्राइम मीटिंगला प्रलंबित गुन्ह्यांच्या यादीबरोबर या वह्याही मागवाव्यात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या फोटोत घटनास्थळी उभे दिसणारे चेहरे आणि वहीतली नावे यांचा मेळ बसतो का, एवढे ताडून पाहिले तरी सुरुवातीला पुरे.