माळ्यावरचे दप्तर आणि दारातला रद्दीवाला

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घरोघर जी कत्तल होते तिला आपण झाडलोट म्हणतो. माळा रिकामा होतो, ट्रंका उपड्या होतात, रद्दीवाल्याचा तराजू दारात टांगला जातो. वाळवीवर आपला फार राग. पण वाळवी बिचारी एक रुमाल खायला वर्षे घेते. आपण एका सकाळी चार पोती देऊन मोकळे होतो, आणि वर सुट्या पैशांसाठी घासाघीस करतो.

"अहो, आमच्या माळ्यावर कसला आलाय इतिहास? आमचे पणजोबा काही पानपतावर गेले नव्हते!" हे उत्तर ठरलेले. सगळा रोग या एका वाक्यात आहे. इतिहास म्हणजे तलवार, सनद आणि पागोटेवाला पूर्वज, ही आपली समजूत. म्हणून सनद असलीच तर ती काचेत जाऊन दिवाणखान्यात बसते. तिच्याच खालची जमाखर्चाची बाडे, लग्नाच्या याद्या, गहाणखते, बाळंतपणाच्या खर्चाची टिपणे ही सारी रद्दीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका तिथीवरून हातघाईवर येणाऱ्या गृहस्थाला त्याच्या पणजीचे नाव विचारून पाहावे. तो आईच्या तोंडाकडे पाहू लागतो.

बरे, पानपताचेच घ्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. त्या वेळी पेशवे दप्तर सरकारी कुलुपात होते. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांच्या हातून निघायला १९३० साल उजाडले. राजवाडे हिंडले ते लोकांच्या घरांतून. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धनांचे दप्तर उलगडले. कोणाच्या तरी आजोबा-पणजोबांनी ती बाडे वाण्याला पुड्या बांधायला दिली नव्हती, एवढ्यावर हे सगळे उभे आहे.

पण कागद हा लिहित्या घरांचा. कुळकर्ण्याकडे दप्तर असायचे. कुळवाड्याच्या घरी ते कुठून असणार? म्हणून त्याला इतिहास नाही, असे मात्र कोणी समजू नये. जुन्या पितळी पातेल्याच्या काठाखाली बोट फिरवा. ठोक्याठोक्यांनी घातलेली अक्षरे हाताला लागतील: देणाऱ्याचे नाव, गाव, साल, कोणाच्या लग्नाचा आहेर तेही. जिला सही करता येत नव्हती अशा कितीतरी बाईचे नाव उभ्या आयुष्यात एकाच ठिकाणी लिहिले गेले असेल, ते तिच्या हंड्यावर. मग स्टेनलेस स्टील आले. हंडे, घंगाळी, समया मोड म्हणून वजनावर गेल्या. मोड घेणाऱ्याने पितळ तोलले, अक्षरे नाही. बोहारणीने जरीची लुगडी नेली आणि डबे दिले. गरजेपोटी जे गेले त्याबद्दल आमची तक्रार नाही, पोट आधी. पण ज्यांनी हौसेने घरचा हंडा मोडीत घातला आणि आज परक्याचे नाव घातलेला हंडा दामदुप्पट देऊन दिवाणखान्यात फुलदाणी म्हणून मिरवला, त्यांना काय म्हणावे?

गिरणगावच्या दहा बाय दहाच्या खोलीत माळाही नव्हता. तिथला इतिहास खाटेखालच्या ट्रंकेत: गिरणीचा पास, मनिऑर्डरच्या पावत्या, खाणावळीची वही. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्यावर पुस्तके झाली, नाटके झाली. पण एका घरातून गावाकडे महिन्याला किती रुपये जात होते आणि कोणत्या महिन्यापासून ते जायचे थांबले, हे त्या पावत्याच सांगतील. चाळ पाडून टॉवर उठतो तेव्हा आधी या ट्रंकाच बाहेर फेकल्या जातात.

"मोडी कोणाला वाचता येते?" ही आणखी एक सबब. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतून गेली, हे खरे. पण जमिनीचा जुना मोडी कागद कोणी फेकल्याचे ऐकले आहे काय? त्याला वाचणारा बरोबर सापडतो, कारण त्याच्यामागे गुंठे असतात. काही महाभाग तर उलट टोकाचे. कागद देवघराखाली कुलुपात, वाचत नाहीत, वाचूही देत नाहीत; न जाणो, चुलत्याच्या हिश्शाचे काही निघायचे! १९१० पासून पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच कागदांसाठी उभे आहे. तिथे द्यायचे नसतील तर नका देऊ. सुती कापडात बांधा, ओलीपासून दूर ठेवा, फाटले तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि मोडी जाणणाऱ्याला एकदा घरी चहाला बोलवा.

फोटो कोणी फेकत नाही, नुसते मुके करून ठेवतात. मागे लिहिलेले काय, तर 'काका, नाशिक'. कोणाचा काका? पुढच्या पिढीला काय कळणार? बायकांच्या वाट्याला बहुधा 'सौ.' एवढेच. मोबाइलमध्ये हजारोंनी चित्रे साठली आहेत, त्यांत नाव एकालाही नाही. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने पुरते नाव, गाव आणि साल लिहायला फराळाएवढाही वेळ लागत नाही. कागद आणखी पन्नास वर्षांनीही कोणी वाचील. पण डावीकडून तिसरी, नाकात नथ आणि कडेवर मूल असलेली बाई कोण, हे सांगू शकणारी आजी यंदा भाऊबीजेला येईल तेव्हा पंचाऐंशीची असेल.